श्रावणीचं कोलेस्टेरॉल आणि माझा घाणा

३ मार्च
श्रावणीचे डोळे आजही सुजलेले. आठवडा झाला, रोज सकाळी हेच. बायको, अंकिता, म्हणते पायही सुजलेत, बोटानं दाबलं की खड्डा पडतो. मी म्हणालो, ऊन वाढतंय, ॲलर्जी असेल. सहा वर्षांच्या पोरीला उगाच सुया टोचायच्या?
ठरलं: दोन दिवस वाट बघायची. घाईनं निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही.

५ मार्च
अंकिता मला न विचारता तिला डॉ. बिराजदार मॅडमकडे घेऊन गेली. लहान मुलांच्या डॉक्टर. लघवीतून प्रोटीन वाहून जातंय. नेफ्रॉटिक सिंड्रोम. अंकिता रडत होती. मी धीर दिला. मग रिपोर्टचं दुसरं पान वाचलं आणि मलाच बसावं लागलं.
कोलेस्टेरॉल ४६८.
माझ्या घरात! सोलापुरात शुक्रवार पेठेत लाकडी घाण्याचं करडई तेल विकणारा मी. दुकानावर बोर्ड आहे, 'आमचं तेल खा, कोलेस्टेरॉल विसरा.' ओळ माझीच. उद्या गिऱ्हाइकांना कळलं तर?
लॅबचीच चूक असणार. कुणाला सांगायचं नाही. ईरप्पाला तर मुळीच नाही. तो घाणा उत्तम चालवतो, पण तोंडही घाण्यासारखंच चालतं.

६ मार्च
स्वतः मॅडमना भेटलो. लॅबची चूक नाही म्हणाल्या. मूत्रपिंडाची चाळणी गळकी झाली आहे. गेलेलं प्रोटीन भरून काढायला लिव्हर जोरात कामाला लागतं आणि त्या भरात चरबीही जास्त बनवून रक्तात सोडतं. "खाण्याचा यात दोष नाही. गळती थांबली की कोलेस्टेरॉल आपोआप उतरेल. स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू करतोय, त्या मनानं कमी-जास्त करायच्या नाहीत. मीठ कमी. बाकी घरचं साधं जेवण."
चांगल्या आहेत बाई. पण चरबीबद्दल त्यांनी मला शिकवावं? मी तेलातला माणूस. चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. करमाळा. दिवाळीत सासूबाईंनी, म्हणजे विजयमालाबाईंनी, नातीला वाटीवाटीनं तूप पाजलं होतं.
अंकिताला हे सांगितलं. ती दोन तास बोलली नाही. पटलं असावं.

९ मार्च
जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. अंकिताची शाळा मोहोळ तालुक्यात, पहाटेच निघावं लागतं. म्हणून सकाळच्या चार गोळ्या आणि लघवीची पट्टी माझ्याकडे. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर प्रोटीन जातंय.
माझ्याकडून एक भर: अनशापोटी दोन चमचे करडई तेल.
श्रावणीनं ओकून टाकलं. शरीर साफ होतंय.

१९ मार्च
पट्टी पिवळी! सूज उतरली! मॅडम म्हणाल्या, गोळ्यांना छान प्रतिसाद दिलाय. मी नुसता हसलो. तेलाचं त्यांना कुठे माहीत आहे?
कोलेस्टेरॉल मात्र अजून ३५२. मॅडम म्हणाल्या, ते सावकाश उतरतं, घाबरू नका. मी घाबरलेलो नाहीच. पण आकडा बोलतो. गोळ्या प्रोटीनचं बघतात, चरबीचं नाही. चरबीचं मलाच बघावं लागणार.
आजपासून: तूप बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद, अंडं बंद. तेल तेवढं चालू.

२६ मार्च
श्रावणी सारखी खायला मागते. आज भिंतीकडे तोंड करून गुपचूप गूळ खात होती. चेहरा गोल झालाय, गाल फुगलेत. शाळेत मुलं 'भोपळा' म्हणतात. रडत घरी आली.
दुकानात जुने गिऱ्हाईक महादेवप्पा होते. तिच्याकडे बघून म्हणाले, "लई अंग धरलं की पोरीनं. घरचंच तेल खाती न्हवं?" आणि नेहमीचा पाच लिटरचा डबा न घेता एकच लिटर घेऊन गेले.
संध्याकाळभर विचार केला. ती गोल होतेय ती गोळ्यांनी. म्हणजे गोळ्याच चरबी वाढवतात. मग चरबी उतरणार कशी? इतकी साधी गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात येत नाही याचं वाईट वाटलं.

२८ मार्च
चारऐवजी दोन गोळ्या दिल्या. अंकिताला सांगितलं नाही. ती आधीच टेन्शनमध्ये आहे, आणखी कशाला?

२ एप्रिल
पट्टी पिवळी. गोळ्या पूर्ण बंद. श्रावणीला म्हणालो, हे आपलं दोघांचं गुपित, आईला सांगायचं नाही. तिनं विचारलं, "मग डॉक्टरमावशी रागावतील की?" म्हणालो, तू बरी झालीस की त्याच माझे आभार मानतील.
आज पहिल्यांदा वाटलं, सूत्रं माझ्या हातात आहेत.

७ एप्रिल
श्रावणी मलूल. दप्तर उचलवत नाही म्हणाली. ऊन फार आहे. मलाही उचलवलं नसतं.

१० एप्रिल
पट्टी थोडी हिरवट. डबी खिडकीत राहिली होती. सोलापूरच्या उन्हात पट्ट्या काय टिकणार? दुसरी काढली. तीही हिरवट. म्हणजे अख्खी डबीच खराब.
अंकितानं फोन करून विचारलं, पट्टी कशी आहे? पिवळी म्हणालो. मूळ रंग पिवळाच असतो.

१३ एप्रिल
डोळे सुजलेत. फार नाही. रात्री रडली होती, त्यानं असेल. अंकिता माझ्याकडे एकटक बघत होती. "गोळ्या देताय ना?" मी जरा चिडलोच. बापावर विश्वास नाही का, म्हणालो. तिनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण घरात शिस्तही हवी.
उद्यापासून दोन गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात का? नको. एकदा डगमगलं की संपलं. नवी पट्ट्यांची डबी आणायची आहे.
आणली नाही. घाण्यावर गर्दी होती.

१५ एप्रिल
पोट फुगलंय. फ्रॉकचं बटण लागेना. श्रावणी म्हणाली, "बाबा, आतून दुखतंय." ओवा दिला.

१६ एप्रिल, सकाळ
ताप. पोटाला हात लावू देत नाही. लघवी अगदी थोडी, त्यावर साबणासारखा फेस. अंकिता शाळेला गेली नाही. ईरप्पानं रिक्षा आणली. श्रावणीला उचलून बसवताना ती किंचाळली.

१६ एप्रिल, दुपार
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय. सकाळपासून चहा झालेला नाही.
मॅडमनी पोट तपासलं. विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"
मी हो म्हणालो.
मॅडम सिस्टरना काहीतरी सांगायला वळल्या. तेवढ्यात श्रावणी डोळे न उघडताच म्हणाली, "नाही. बाबांनी बंद केल्यात. आईला सांगायचं नव्हतं."
ती तापात बडबडतेय असं मी म्हणणार होतो. अंकितानं माझ्याकडे बघितलं आणि मला ते म्हणता आलं नाही.
मॅडम हळू आवाजात बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालाय. या आजारात प्रतिकारशक्ती कमी असते. त्यात गोळ्या एकदम बंद केल्यात, शरीराला ताण सोसवत नाही. जिवावर बेततं हो. आज योग्य वेळी आलात, एवढंच."
मी म्हणालो, पण मॅडम, कोलेस्टेरॉल...
त्या म्हणाल्या, "आत्ता मला तिचं कोलेस्टेरॉल नकोय. ती हवीय."

१७ एप्रिल
सलाईन. इंजेक्शनं. अंकिता उशाशी बसून असते. मी आत गेलो की ती पाणी आणायला बाहेर जाते. तांब्या भरलेला असतो.
करमाळ्याहून सासूबाई आल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी फक्त विचारलं, "जेवलात का?"
जेवलो नव्हतो. हो म्हणालो.

२० एप्रिल
ताप उतरला. श्रावणीनं पेज मागितली. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. धूळ फार आहे इथे, डोळ्यांत जाते.

२६ एप्रिल
घरी आणलं. गोळ्या आता अंकिताकडे. तिनं रजा टाकली आहे. मी म्हणालो, पट्टी तरी मी बघतो. ती म्हणाली, "नको." एवढंच.
ईरप्पा म्हणाला, "मालक, तुमी घाणा बगा. तितं बाई हायत की."

२३ मे
कोलेस्टेरॉल १८६. गळती थांबली आणि आकडा उतरला. सासूबाईंच्या हातचं दूध, अंडं, वरणावर चमचाभर तूप, सगळं चालू असताना. मॅडमना विचारलं, माझ्या तेलाचा थोडा तरी उपयोग झाला असेल का? म्हणाल्या, "तेल चांगलं असेल हो तुमचं. तिच्या आजाराशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यानं झालं नाही, त्यानं बरं होणारही नव्हतं."
संबंध नव्हता. इतक्या दिवसांत हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं.
येताना एकट्यानं बोर्ड उतरवला. रंग उडाला होता, तसाही बदलायचाच होता.

३० मे
अंकिताला आज शाळेच्या कामासाठी जावंच लागलं. सासूबाई करमाळ्याला. म्हणजे गोळी मी देणार. आता एक दिवसाआड असते. पहाटेच उठलो. नाश्ता दिला. गोळी बशीत, शेजारी पाणी. हाक मारली.
श्रावणी आली. गोळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बशी दोन्ही हातांत धरून दाराबाहेर गेली. समोरच्या निंगव्वामावशींना अंकितानं सगळं समजावून ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. श्रावणीनं त्यांना विचारलं, "मावशी, हीच हाय का? बरोबर हाय का?"
मावशी म्हणाल्या, "व्हय बाळा, हीच."
पोर सावध झाली आहे. चांगलंच आहे. हा गुण माझ्याकडूनच आला असणार, असं लिहायला घेतलं होतं.
तिनं गोळी त्यांच्या पायरीवर बसून घेतली. त्यांच्या तांब्यातल्या पाण्यानं. मी भरलेला पेला घेऊन आमच्या दारात उभा होतो.