जवारीखाली ठेवलेली मरीआई

१५ मार्च, मंगळवार
एस.टी.च्या कंडक्टरनं सांगावा आणला. लेकीला, इमलला, लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. सातवा महिना, पाय सुजलेत, डोळ्यापुढं अंधारी येते. तिचे बाप नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई, ते बसतेत तिच्यापाशी. मला जाता येत न्हाई. सासूबाई अंथरुणाला, त्यांना कोण बघंल.
संध्याकाळी विहारात त्रिशरण म्हणलं. तोंड म्हणत होतं, जीव लातूरला.

१७ मार्च
वस्तीच्या विहिरीचा गाळ काढायचं काम लागलं. दुष्काळानं तळ उघडा पडलाय. पाटी भरताना खोऱ्याला पितळ लागलं. मरीआईचा मुखवटा. दीक्षेच्या साली सासऱ्यांनी घरातले देव हितंच टाकले. ताट मी धरलं होतं, नवी नवरी. सासूबाई रडल्या तर मी हसले होते.
सगळ्यांना वर करून दाखवायला पाहिजे होता. पदरात घातला.

१८ मार्च
का घातला. कणगीत हाय, जवारीखाली.
वस्तीतल्या कौशाची पोर तापली होती तवा तिनं पोरीच्या गळ्यात गंडा बांधला. दोन महिने झाले. मी भर विहारात तोडला. म्हणले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यास का बाजाराला गेल्तीस?" बाया हसल्या. ती खाली बघत बसली. आता तिचं तोंड डोळ्यापुढून हलत न्हाई.

२१ मार्च, सोमवार
सांगावा आला. इमलचं रक्त कमी, बाळ कमी हलतंय.
दुपारी दार लावून मुखवटा काढला. चिंचेनं घासला, मांडीवर घेऊन बसले. मागितलं काही न्हाई. खोटं. मागितलं. लेक वाचव म्हणले. छाती हलकी झाली. सात दिवसांत पहिल्यांदा भाकर गोड लागली. लाज त्याचीच वाटते. काही वाटलं नसतं तर फेकून दिला असता.

२२ मार्च
सासूबाईंना दिसत न्हाई. तोंड पुसायला गेले तर म्हणल्या, "हाताला चिंचेचा वास येतोय. काय घासलंस?"
तांब्या, म्हणले.
"प्यायला पाणी न्हाई, आन् तांबे घासून राहिलीस?" मग म्हणल्या, "एकदा माझ्या हातात दे."
काय मागितलं ते दोघींना कळलं. दिला न्हाई. उठून म्हशीकडं गेले. म्हशीला सकाळीच वैरण टाकली होती.

२५ मार्च, शुक्रवार
विहिरीत कौशा माझ्या शेजारी. हळूच म्हणली, "पदरात काय घेतलंस ते मी त्या दिशीच बघितलं, ताई."
मग बोलली का न्हाईस?
"काय बोलू. मन थाऱ्यावर आलं का?"
मी हाव म्हणले.
"माझंबी आलं होतं," म्हणली, आन् पाटी उचलून गेली.
शिव्या द्यायच्या होत्यास गं.

२८ मार्च, पौर्णिमा
दर पौर्णिमेला वंदना मी सांगते. आज कौशाला पुढं बसवलं. बायांना वाटलं, लेकीची काळजी. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, खोकले, बसले. कौशा दोनदा चुकली. एरवी मी तिथंच धरलं असतं. आज तिच्या मागं म्हणत राहिले. त्यानंबी बरं वाटलं. कुणाला विचारू, ह्यातलं कुठलं खरं.

२९ मार्च
उद्या इमलचं ऑपरेशन. आईला पाठवा, असा निरोप. म्हातारीपाशी मी बसते, कौशा आपणहून म्हणली. मी तिला म्हणायची हिंमत केली नसती.
पिशवीत दोन दुपटी, इमलचं जुनं लुगडं, वंदनेचं पुस्तक. सासूबाई खाटेवरून म्हणल्या, "तिला नेतीस का हितंच ठेवतीस?"
कणगीचं झाकण काढून बसले. बस दुपारची हाय. पिशवीचं तोंड अजून बांधलं न्हाई.