सात्यांची सोयरीक

राळेगाव, श्रावण, २००५

तीर्थस्वरूप रत्नाताईस, श्रीकृष्णाचा नमस्कार. (दुरूनच करतो आहे, समोर यायची हिंमत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्यापायीच तू अर्पिताच्या लग्नाची तारीख पक्की करायला मला फुलसावंगीला धाडलंस. मामा म्हणून नुसतं हो म्हणून यायचं होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही, याचं फार वाईट वाटतं.

सुरुवात चांगली झाली गं. कपिलचे वडील भगवानराव मला शेत दाखवायला घेऊन गेले. कापसाची ही अशी वर्षं, पात्या-फुलं अळीने पोखरलेली. (त्यातही त्यांनी लग्न पुढे ढकलायचा विषय काढला नाही, एवढी भली माणसं.) मी सांगितलं, कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातली. जीवशास्त्रात नुसतं रंगरूप पाहून गट पाडत नाहीत, मूळपुरुष कोण आणि त्याच्यापासून कोण कधी वेगळं झालं ते पाहतात. भगवानराव खूश. "म्हनून अळी भेंडीवर बी जाते," म्हणाले. सबंध नोकरीत माझं ऐकून कोणी खूश झालेलं मला आठवत नाही, त्यामुळे मी चढलो.

पंगतीला त्यांचे भाऊबंदही होते आणि पानात सात्या होत्या. श्रावणात त्यांच्याकडे मटण वर्ज्य, कांदा-लसूणही बंद, म्हणून कपिलच्या आईने, विमलताईंनी, शेताच्या धुऱ्यावरच्या वारुळापाशी उगवलेली ही अळिंबी मुद्दाम रांधली होती. भगवानरावांनी पुन्हा वाढून घेत विचारलं, "गुरुजी, ह्या सात्या मंग कोनाच्या कुळातल्या?" ताई, इथे वांग्याच्या म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. मी म्हणालो, सात्या वनस्पतीच नव्हेत. वंशावळ पाहिली तर त्या वांग्यापेक्षा बकऱ्याला जवळच्या.

विमलताईंचा हात भांड्यातच राहिला. "म्हंजे भाऊ, मी श्रावनात बकऱ्याचा सोयरा वाढून राह्यली?" मी सावरायला गेलो (तिथेच घात झाला) आणि म्हणालो, तसं वांगंही आपलं लांबचं नातेवाईक, ज्वारीसुद्धा. मग कोणी भाकरीलाही हात लावेना. विमलताईंनी सगळ्यांची पानं उचलली, अंघोळ केली आणि देवापुढे बसल्या, त्या मी निघेपर्यंत उठल्या नाहीत. तारखेचा विषय निघालाच नाही. भगवानराव एसटीवर सोडायला आले आणि एवढंच म्हणाले, "जेवन झाल्यावर सांगतलं असतं तं चाललं असतं गुरुजी."

कपिल चांगला मुलगा आहे आणि आपल्या पोरीचं मन त्याच्यावर बसलं आहे. माझ्या जिभेपायी तिचं लग्न अडलं, ताई, मला अन्न गोड लागत नाही.

तुझा मूर्ख भाऊ,
श्रीकृष्ण

ता. क. पत्र पाकिटात घालताना विमलताईंचा निरोप आला. येत्या रविवारी त्याच भाऊबंदांसमोर मी येऊन सात्या ही भाजीच आहे असं सांगायचं, मग तारीख. मी जाणार आहे.

ता. क. दुसरा. त्यांनी अर्पितालाही घेऊन यायला सांगितलं आहे. तिला काहीतरी निमित्त काढून घरीच ठेव. बाकी कोणासमोरही म्हणेन, पण शाळेत हा वंशावळीचा धडा तिला मीच शिकवला. तिच्या तोंडाकडे पाहून मला ते म्हणता येणार नाही.