बेडरूममधलं लेथ मशीन आणि एक बाउल

४ मार्च
ही काल बहिणीकडे राहायला गेली. रागावून गेली असं मी मानत नाही. अट एकच: लेथ मशीन बेडरूममधून बाहेर काढलं की फोन करा. काढणारच आहे. आधी त्यावर लाकूड फिरवून, कोरून तिच्यासाठी फळांचा बाउल. परदेशी लाकडं, जांभळं आणि पिवळं, बारा तुकडे जोडून. बघताक्षणी विरघळेल. रविवारी तयार.

६ मार्च
तुकडे अगदी अचूक कापले. गोल जुळवला तर शेवटी फट. प्रत्येक तुकड्यात केसभर चूक, सगळ्या मिळून बोट जाईल एवढी. फटीत भुसा आणि ग्लू भरून क्लॅम्पने आवळलं. करकरलं. म्हणजे पकड घट्ट आहे.

७ मार्च
साडूचा फोन. म्हणाला, तुमच्या सौ. आमची कपाटं आवरतायत, माझा एक शर्ट सापडत नाही, घेऊन जा हो लवकर. म्हटलं, रविवार पक्का.

९ मार्च, रविवार
बाउल लेथवर फिरला. क्षणभर डोळ्यांचं पारणं फिटलं. मग फाडकन आवाज! एक तुकडा आरशात, मी पलंगाखाली. लाकूडच सदोष.

१२ मार्च
उरलेल्यातून लहान बाउल. लहान वस्तूला कौशल्य जास्त लागतं. हिला फोन केला. लेथ हलवलं का, एवढंच विचारलं. म्हटलं, बाउल त्यावरच आहे, मध्येच काढला तर सेंटर जातं, परत लावला की वेडावाकडा फिरतो. तिने फोन ठेवला. तरी बरं वाटलं.

१५ मार्च
जांभळं लाकूड तपकिरी पडलं. उजेडाने पडतं म्हणे. खिडकीवर चादर टांगली. अंथरुणात भुसा, डोळ्यात भुसा. घर नुसतं खायला उठतंय. मला तिच्याशिवाय जमत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय?

१८ मार्च
बाउल आतून कोरताना हत्यार आरपार गेलं. आता बूड नाही. डिझाइन मोकळं वाटतं.

२० मार्च, सकाळ
ती आली! न कळवता! बाउल हातात दिला. तिने त्यातून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हटलं, तुझ्यासाठीच केलाय गं. ती म्हणाली, माझ्यासाठी करताय, पण मी नसले तरी तुमचं छान चाललंय की. कपाटातले उरलेले कपडे घेऊन गेली.

२० मार्च, दुपार
बस्स. लेथ आजच्या आज बाहेर. एकट्याने ढकललं. ते दारात आडवं अडकलंय. पुढे जात नाही, मागे येत नाही. मी आतल्या बाजूला. हॉलमध्ये फोन वाजतोय. तिचाच असणार. हात पोचत नाही.

थांबला.