व्हर्लिनवरून ये

वेस्ट व्हर्जिनिया

प्रिय व्हर्लिनदादा,

तू लढाईत गेलास आणि आपल्या ओढ्यावरच्या पुलाला तुझं नाव लागलं. गावाच्या तोंडी ते केव्हाच रुळलं. “व्हर्लिनवर बर्फ साचलाय, जपून जा गं,” नेल्डाकाकू बजावतात. बाबांनी मात्र तुझं नाव कधी घेतलं नाही. खाणीवरसुद्धा ते पूल टाळून लांबच्या रस्त्यानं जायचे.

परवा त्यांचा फोन आला. “आईचं काही खरं नाही. व्हर्लिनवरून ये, लवकर पोचशील.”

पुलावर तुझी पाटी दिसली आणि बाबांचा तो आवाज आठवून मला गाडी चालवेना. कडेला थांबून रडत बसले. घरी पोचले, तर आई नुकतीच गेली होती.

“कुठल्या रस्त्यानं आलीस?” बाबांनी विचारलं.

“लांबच्या,” मी म्हणाले. व्हर्लिनवर उशीर झाला हे कळून त्यांनी पुन्हा तुझं नाव घेणं सोडू नये, दादा, म्हणून.

तुझी धाकटी,
ओपल