आईनं बघितलेला सिनेमा

आबा,

साहेबांचा तो सिनेमा परवा पुन्हा बघितला. आता त्यासाठी तंबूत जावं लागत नाही. नातवाच्या फोनवर हवा तेव्हा लागतो, आणि ज्या लढाईसाठी आख्खी आळी बैलगाड्या जुंपून कराडला गेली होती, ती लढाई सांगलीत माझ्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडता निवडता उरकते. हल्लीच्या पोरांना साहेब म्हणजे कोण हे सांगावं लागतं. राजा असो, सेनापती असो नाहीतर देव असो, त्या काळी पडद्यावर घोड्यावर बसायचा मान ह्या एकाच नटाचा होता, एवढं मी सांगते आणि लगेच तुमच्यावर येते. साहेब अजून तेवढेच रुबाबदार दिसतात आणि तुम्ही अजून तेवढेच झकास मरता. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पलटणीतून पेन्शन घेऊन आलात, त्या साली कोल्हापूरकडच्या गडावर त्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. कंपनीला पावलात पाऊल टाकून चालणारी माणसं हवी होती, आणि आपल्या पाटण भागात तसला माणूस घरटी एक. पोटरीत गोळी बसल्यापासून तुमचा उजवा पाय जरा बाहेर फेकला जायचा, तरी तुम्हाला घेतलं. उंच होता म्हणून शत्रूच्या फौजेत घातलं. साहेब तटाच्या पायऱ्या चढत येतात, तुम्ही भाला उगारता, ते एका वारात तुम्हाला खाली घालतात आणि तुम्ही पायऱ्यांवरून गडगडत येता. चहा गार होणार नाही एवढ्या वेळाचं काम, पण तेवढ्यावर तुम्ही उरलेलं आयुष्य काढलंत. घरी पाव्हणा आला की अंगणात पोतं अंथरायचं आणि मरून दाखवायचं. पंचक्रोशीत तुमचं नाव पडलं मेल्याला हवालदार, आणि तुम्ही ते पदक लावावं तसं लावून फिरलात.

आईला तेवढं पटलं नाही. तुम्ही पोत्यावर पडायला लागलात की ती आत जाऊन भांडी आदळायची. सिनेमा कराडला लागला तेव्हा घरात राहिली ती एकटीच. नंतर फिरता तंबू बाजारच्या माळावर यायचा, दर खेपेला तो सिनेमा असायचाच, आणि दर खेपेला ती घरीच. "जित्या माणसाला मरताना बघून यायचं, आन् वर तिकीट काढायचं व्हय?" असं म्हणायची आणि विषय मिटायचा. गावानं तुम्हाला बघितलं, सासरच्यांनी सांगलीत बघून माझ्याकडं मानानं बघितलं, आणि जिनं बघावं अशी तुमची इच्छा होती तिनंच बघितलं नाही. तुम्ही तिला कधी म्हणाला नाहीत. पण प्रत्येक वेळी तंबूकडं निघताना उंबऱ्यात थांबून चप्पल घालायला तुम्हाला फार वेळ लागायचा, हे मी बघत होते.

साहेब गेले ते दुष्काळ सरल्यानंतरच्या सालात. माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि मी माहेरपणाला आले होते. टेलरमामा दुकान उघडं टाकून आले. त्यांच्या मशीनच्या वर साहेबांचा फोटो असायचा, तुमच्याइतकेच वेडे होते ते. टोपी हातात घेऊन अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "हवालदार, साहेब गेलं. रेडिवोला सांगितलं." तुम्ही उठलात आणि आईला म्हणालात, पाणी ठेव, डोक्यावरनं घ्यायचं हाय. ती भाकरी थापत होती. "ज्यानं तुमास्नी मारलं त्याचं सुतक धरायलाय," एवढं म्हणाली, पण तवा उतरवला आणि हंडा चढवला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि ती टाकून बोलणारी बाईही जेवली नाही.

मग तुम्ही आणि टेलरमामांनी ठरवलं की तेराव्याला तंबू बोलवायचा आणि तोच सिनेमा लावायचा. खेळाआधी फोटोला हार, आणि भाषण तुमचं. आदल्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीपाशी आलात. स्वयंपाकघरात तुम्ही सहसा यायचा नाहीत, म्हणून मी बाजूला सरकले.

"उद्या तू यायचंस," तुम्ही म्हणालात. "माझ्यासाठी नगं. साहेबांसाठी."

आईनं फुंकणी खाली ठेवली. "येते. पर तुमी पडताना मी खाली बघणार."

"बघ की," म्हणालात आणि बाहेर गेलात. तुमचा चेहरा पडलेला मी बघितला, आणि तिनंही बघितला.

तंबू असा भरला होता की कनाती वर गुंडाळाव्या लागल्या. पेन्शनर मंडळी पदकं लावून पुढं उभी होती. तुमचं भाषण मला अजून शब्दाशब्दानं येतं. "साहेबांनी तलवार चालवली, मी खाली आलो. शॉट झाला तशी समदी चहाला पळाली. साहेब तेवढं वाकून माझ्यापाशी आलं, हात दिला आन् म्हणालं, लागलं का हो तुम्हाला? मला लढाईत गोळी लागलीया. ज्यानं घातली त्यानं न्हाई इचारलं." एवढंच बोलून तुम्ही फोटोला सॅल्यूट ठोकलात. टेलरमामा रडले, पलटणीतले म्हातारे रडले. इतकी वर्षं मला वाटायचं की तुम्हाला सिनेमाचं वेड आहे. तसं नव्हतं ते. तुम्हाला त्या एका प्रश्नाचं वेड होतं, आणि त्या माणसाला पुन्हा एकदा सांगता आलं असतं की नाही हो, कुठंच लागलं नाही, तर तुम्ही सगळी पेन्शन सोडून दिली असतीत.

आता सांगायचं ते. आम्ही बायकांच्या बाजूला, मधे कनात, तुम्ही पलीकडं. साहेब पायऱ्या चढायला लागले तशा शिट्ट्या सुरू झाल्या. मी आईकडं बघितलं. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, पण मान खाली घातली नव्हती. तुम्ही भाला उगारलात, वार बसला, तुम्ही पडलात, पार खालच्या पायरीपर्यंत आलात, आणि ती बाई पापणी न हलवता बघत राहिली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता, मला चुकायला जागाच नव्हती. तंबूत "हवालदार पडला" म्हणून एकच गलका. तुम्ही पडलात की आपल्या गावाचा सिनेमा संपायचा. लोक बिड्या पेटवायचे, पोरं बाहेर पळायची. पुढं गड सर होतो आणि साहेबांच्या घोड्यामागून त्यांची फौज धुरळ्यात चालत जाते, ती मिरवणूक कुणी धड बघतच नसे. आई बघत होती. तिनं कोपरानं मला ढोसलं.

"त्यो बग."

"कोण गं?"

"तुझा बाप. ह्यांच्यात चाललाय. उजवा पाय फाकवून टाकतंय ते दुसरं कोण आसल? पागुटं बदललंय फकस्त."

तिच्या गळ्यातून हसण्यासारखं काहीतरी आलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहाची कपबशी हातात धरून, तिच्याकडं न बघता विचारलंत, "बघितलंस?" ती म्हणाली, "न्हाई. खाली बघत हुते." तुम्ही "बरं" म्हणालात आणि चहा प्यालात. मला राहवलं नाही. तुम्ही रानात गेल्यावर मी तिला म्हटलं, असं का सांगितलंस, किती बरं वाटलं असतं त्यांना. तेव्हा आई जे बोलली ते मी आजवर जपून ठेवलंय. "मेल्यालं बघितलं म्हणून सांगितलं तर जित्तं बघितल्यालं बी सांगावं लागंल. आन् तुझ्या बापाला मेल्यालंच बरं वाटतंय. साहेबांच्या हातानं पडला म्हणून गाव मान देतंय. परत उठून त्यांच्यातच चालाय लागला म्हणून कोण इचारणार हाय?"

त्यानंतर घरातलं वागणं बदललं ते तुमच्या लक्षात आलं होतं. पाव्हण्यांपुढं तुम्ही मरायला निघालात की आई स्वतः पोतं अंथरायची. मेल्याला हवालदार म्हणून कुणी हाक मारली तर "आलं, आलं" म्हणून हसत ओ द्यायची. तुम्ही मला एकदा म्हणालात, माझ्या भाषणानं तुझी आई निवळली. भाषण चांगलंच होतं, आबा. पण ती निवळली ती तुम्ही चालताना दिसलात म्हणून. तुम्हाला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं तुम्हाला डोळे भरून बघितलं, आणि गावानं बघितलं त्याच्याहून जास्त बघितलं. हे मी छातीठोक सांगते.

तुम्ही गेलात, पाठोपाठ आई गेली, तेव्हा आता सांगायला कुणाची हरकत नाही. तरी हे पत्र पाठवायची सोय असती तर मी पाठवलं नसतं. तुम्ही पडला सरळ माणूस. "मी कुठला मिरवणुकीत, माझं काम झाल्यावर मी लगेच गावाकडं आलो होतो," असं उलट टपाली कळवून मोकळे झाला असतात, आणि मग मी आईचं काय केलं असतं? नातू विचारतो, आजी, मिरवणुकीत पणजोबा कुठले? मी चष्मा न लावताच एका पाठीवर बोट ठेवते. तो मान हलवतो. सिनेमा मी कितीदा बघितला, थांबवून बघितला, चित्र मोठं करून बघितलं. लढाई मारून आलेली फौज म्हणून कंपनीनं निम्म्या माणसांना लंगडायला लावलंय, आणि धुरळाही फार आहे. मला तुम्ही एकदाही सापडला नाहीत.