थोल म्हणजे सोसेल तेवढं

आई, मी सध्या मुलाकडे झूटरमेरला आहे. हेगजवळचं गाव, घरं एकसारखी, एका ओळीत. पहिल्या खेपेला मी दोनदा शेजारच्याच दाराला किल्ली लावत बसले होते. तू गेलीस तेव्हा हा दुसरीत होता. आता नवराबायको दोघं सकाळी सायकलवरून स्टेशनला जातात आणि संध्याकाळी थकून येतात. त्यांच्या मुलीला मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि आमचं बरं चाललंय. तुला आज लिहायला बसले ते एका शब्दामुळे. शब्द आपला नाही, इंग्रजांचाही म्हणता येत नाही. स्कॉटलंडचा आहे, जुना आहे, आणि तो ऐकल्यापासून तू सारखी डोळ्यांसमोर येतेस, परातीपुढे बसलेली.

ज्या दाराला मी किल्ली लावत होते, त्या घरात एक म्हातारी बाई राहते. मूळची स्कॉटलंडची. डच माणसाशी लग्न करून इथे आली, तो गेला, ती राहिली. माझं इंग्रजी पुस्तकांतून शिकलेलं, त्यामुळे मी वाक्य आधी मनात जुळवते आणि मग बोलते. तिला घाई नसते, म्हणून आमचं जमलं. एके दिवशी तिने जवाचं सूप केलं, मला घरी बोलावलं, चमचाभर चाखलं आणि म्हणाली, "हे आणखी थोडं मीठ थोल करेल." मी विचारलं, थोल म्हणजे काय? तिला हसू आलं. म्हणाली, "माझ्या आईचा शब्द. नवऱ्याशी बोलताना कधी आला नाही तोंडात, तुझ्यापुढे आला बघ." मग तिने वडिलांचा जाडजूड कोश टेबलावर आणून ठेवला. मी कशी आहे तुला माहीत आहे. शाळा सातवीत सुटली तरी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. तुळईला टांगलेल्या कंदिलाखाली उभं राहून वाचायचे आणि तू म्हणायचीस, "डाळ संपली, आता कागद शिजवू का?" पुढचे कितीतरी दिवस दुपारी मी त्या कोशावर वाकलेली होते.

थोल म्हणजे सोसणं. दुःख सोसणं, थंडी सोसणं, वाईट शेजार सोसणं. फार जुना शब्द. जुन्या इंग्रजीत होता, त्यांच्या धर्माच्या पोथ्यांत होता, पुढे इंग्रजांनी तो टाकून दिला आणि स्कॉटलंडच्या लोकांनी, उत्तरेकडच्या खेड्यांनी जपला. इथल्या डच भाषेत त्याचा भाऊबंद आहे, दुल्डन म्हणतात, त्याचा अर्थही सोसणं. मुळाशी गेलं की अर्थ निघतो वजन उचलणं, पेलणं. आणि त्याच मुळातून संस्कृतातला तराजूचा शब्द आला, ज्यातून आपलं तोलणं आलं. हे वाचलं तेव्हा मी बाईंना म्हटलं, "म्हणजे आपण दोघी लांबच्या नात्यातल्या." त्या म्हणाल्या, "मग आता चहाला विचारून यायची गरज नाही." होडीचं वल्हं अडकवायच्या खुंटीलाही थोलच म्हणतात. मला ती खुंटीही याच घरातली ठरवायची होती, वल्ह्याचा जोर सोसते म्हणून. पण कोश म्हणतो, तो शब्द वेगळ्या घरचा. वाईट वाटलं, पण सोडून दिलं.

मला धरून ठेवलं ते सुपाच्या मिठाने, सुपाला अजून थोडं सोसेल या अर्थाने. कारण हा अर्थ आपल्याकडे तसाच आहे आणि तो मी तुझ्याकडून शिकले. कणीक मळायला पहिल्यांदा बसवलंस तेव्हा मी तांब्या कलंडत होते, आणि तू मनगट धरलंस. "पिठाला सोसेल तेवढंच पाणी. ते सांगतंय पुरे म्हणून, तुला ऐकू येत नाही का?" मला काही ऐकू येत नव्हतं. पुढे यायला लागलं, इतकं की बघावं लागत नव्हतं. इथे मात्र फसले. इथल्या दुकानातल्या पिठाला मी मिरजेच्या हाताने पाणी घातलं आणि परातीत खळ झाली. मग पीठ घातलं, ते जास्त झालं, मग पुन्हा पाणी. सून कामावरून आली, तो डोंगर बघितला आणि म्हणाली, "आई, लग्न काढलंय का कुणाचं?" तीन दिवस पोळ्या खात होतो. नातीने शेवटी दोन्ही हात तोंडावर ठेवले. तेवढं डच मला कळलं.

आता मुलाचं सांगते. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मुलगा मला इथे आणतो. या वेळी आल्या आल्या म्हणाला, मिरजेचं घर काढून टाकू. काही महिने इथे, बाकीचे ताईकडे पुण्याला. "बंद घर कशाला सांभाळायचं? आणि तू एकटी पडलीस तर कळायचं कुणाला?" चुकीचं काही बोलला नाही. मी "बघू" म्हटलं. माझं बघू म्हणजे हो, असं या घरात सगळे धरून चालतात, कारण आजवर ते तसंच होतं. नंतर फोनवर त्याच्या बहिणीला सांगताना ऐकलं, "आईचं काही नसतं गं. ती कुठंही राहते. तिला सगळं सोसतं." प्रेमानेच म्हणाला.

पण आई, ते घर मी एकदा शिकले आहे. हे होते तेव्हा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे, आधी धरणातलं पाणी, मग निधनवार्ता, मग बाकीचं जग. ते गेल्यावर पहिलं वर्ष मी पेपर बंदच केला होता. बाहेरून आल्यावर कुलूप काढायला हात होत नसे, जिन्यात बसून राहायचे, वरच्या मजल्यावरची बाई विचारायची, "किल्ली हरवली का हो?" मी हो म्हणायचे. मग एक दिवस पेपर पुन्हा सुरू केला आणि धरणातलं पाणी मोठ्याने वाचलं. आवाज माझाच होता, पण खोलीला सवय होती. आता रोज वाचते. दुःख कमी झालं असं नाही, ते जिथल्या तिथे आहे. मी त्याच्या कडेने कामं करायला शिकले. इथे मोठ्याने वाचायला लागले तर मुलगा डॉक्टरकडे नेईल.

कोशात आणखी एक अर्थ होता, कोर्टातला. एखाद्या माणसाचा खटला एकदा चालून निकाल लागला की त्याने आपला न्याय थोल केला असं म्हणतात, आणि मग त्याच गोष्टीसाठी त्याला पुन्हा उभं करता येत नाही. मी बाईंना दोनदा विचारलं, पुन्हा कधीच नाही? त्या म्हणाल्या, "कधीच नाही. एकदा सोसलं ना?" मी घरी आले आणि भांडी घासताना ते पहिलं वर्ष मनात येत राहिलं. ते पुन्हा नव्याने, दोन परक्या घरांत, कुणाच्या तरी हॉलमध्ये अंथरूण घालून, मला करायचं नव्हतं.

आणि मग तो दिवस आठवला, जो मी अर्धाच लक्षात ठेवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी माहेरी आले होते. सासरी पहाटे नळावरून अकरा माणसांचं पाणी मी एकटी भरायचे, तळहात सोललेले. तुला दाखवले. तू कणीक मळत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "थोडं सोसावं लागतं गं." मी रागाने जेवले नाही. इतकी वर्षं मला तुझं तेवढंच वाक्य आठवत होतं, आणि मी ते हुकूम म्हणून पाळलं. पण दुसऱ्या दिवशी मला पोहोचवायला तू स्वतः आलीस. एरवी दादा यायचा. उंबऱ्याबाहेर उभी राहिलीस, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तांब्याला हातही लावला नाहीस. सासूबाईंना म्हणालीस, "विहीणबाई, पोरगी कामाला मागं सरायची नाही. पण सगळं पाणी एकटीनं भरणं तिला सोसायचं नाही." आणि वळून निघालीस. सासूबाई मागून म्हणाल्या, "वकीलच आणला की सुनेनं!" महिनाभर ते टोमणे चालले, पण दुसऱ्या दिवसापासून धाकटे दीर दुसरी घागर घेऊन नळावर यायला लागले. स्वतःसाठी तू कधी असं कुठल्या दारात उभी राहिली नाहीस. माझ्यासाठी राहिलीस, आणि मी ते विसरून गेले. पिठाला सोसेल तेवढंच, हे तू माझ्याबाबतही मोजत होतीस, हे मला परक्या बाईच्या सुपापाशी कळलं.

काल रविवार. मुलगा घराचं पुन्हा बोलायला लागला, गिऱ्हाईक आहे म्हणाला. मी म्हटलं, "घर काढायचं नाही. मी परत जाणार, आणि तिथेच राहणार. दरवर्षी येईन, तुम्हाला बघायला."

"एकटी?"

"एकटी. हे मला सोसणार नाही बाळ, दोन घरांत असं राहणं."

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "आम्ही काय कमी केलं, आई?"

"कमी नाही रे. जास्तच झालं."

त्याला ते लागलं. मलाही कळलं. तेवढ्यात सून जिन्यावरून म्हणाली, "मी सांगत नव्हते, आधी त्यांना विचार म्हणून?" तो तिच्यावर चिडला, मग माझ्यावर चिडला, मग पोरीला घेऊन सायकलवरून बाहेर गेला. रात्री जेवताना माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, "शेजारच्यांकडे एक किल्ली ठेव. आणि रोज फोन." मी हो म्हटलं, आणि या वेळचं हो खरंच हो होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. वहीतच राहील. पण तुझ्यासारखी मी दारात उभी राहून बोलले असं तुला वाटायला नको, म्हणून सांगते. मी ओट्याकडे तोंड करून बोलले. पाठ मुलाकडे होती, हात परातीतल्या कणकेत होते. आणि पोळ्या तर सकाळीच झाल्या होत्या.