डावी बाटली, उजवी बाटली

४ सप्टेंबर

डोक्याचे दोन भाग केले. मधोमध भांग पाडला, डावीकडे कोरड्या केसांचा शाम्पू, उजवीकडे तेलकट केसांचा. एकीकडचा फेस दुसरीकडे जाऊ नये म्हणून मान वाकडी धरून बसले, तर सगळा कानात! बाहेरून वहिनी दार वाजवतेय – "आत बिऱ्हाड थाटलंस का गं?"

कंपनीत लागून पाच महिने झाले. आजवर चाचणी विभागात नुसती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आता पहिल्यांदाच बाहेरची एक फेरी माझ्या एकटीकडे दिलीय. बारा बायका गाठायच्या. प्रत्येकीला दोन बाटल्या द्यायच्या. तीन आठवडे त्यांनी अर्धं डोकं एका शाम्पूने धुवायचं, अर्धं दुसऱ्याने. मी दर आठवड्याला जाऊन विचारायचं, फरक काय वाटला? उत्तर तिथल्या तिथे फोनमध्ये भरायचं. बस.

विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "आधी स्वतःच्या डोक्यावर करून बघ. आणि ही फेरी नीट कर, मग तुला नोकरीत कायम करायचं बघू."

हे घरी सांगायला नको होतं. बाबा पार्किंगवर कामाला, त्यांनी गाड्या लावायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असणार.

५ सप्टेंबर

फरक आहे! डावी बाजू मऊ, बोटं सरळ खालपर्यंत जातात. उजवी हलकी, जरा फुगलेली. बाटलीवर लिहिलंय तस्सं.

बायका शाम्पू कसा निवडतात? वासावरून. बाटलीच्या रंगावरून. जाहिरातीतल्या मुलीच्या पाठीकडे बघून. स्वतःची टाळू कुणी बघत नाही. खरं तर किती सोपं आहे! केस धुवायचे, दुसऱ्या दिवशी टाळूवर टिश्यूपेपर दाबायचा. डाग पडला तर तेलकट, नाही पडला तर कोरडी. शाम्पू टाळू बघून घ्यायचा असतो, केसांची टोकं बघून नाही. माझी टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, म्हणून कॉलेजभर चुकीचा शाम्पू वापरला. हे कुणीतरी घरोघर जाऊन सांगायला हवं. मग मीच का नको?

७ सप्टेंबर

टिश्यूपेपरचा गठ्ठा घेऊन आमच्या इमारतीत आणि मागच्या इमारतीत फिरले.

तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी मशीन थांबवलं नाही. मी मागून टाळूवर कागद दाबला. "एवढी शिकलीस, ती आमची डोकी पुसायला?" म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "दाब गं, दाब. आमच्या इमारतीतली पहिली ग्रॅज्युएट तू, तुला नाही कोण म्हणेल!"

तिसऱ्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपायच्या बेतात होती. दारातच डोकं पुढे केलं.

दहा जमल्या. दोन कमी पडल्या. सूचनांमध्ये लिहिलंय, शक्यतो नात्यातल्या नकोत. शक्यतो! म्हणजे अगदीच चालणार नाही असं नाही. घरातल्याच वहिनीला आणि आत्याला घेतलं. वहिनी तेलकट, आत्या कोरडी. आत्या म्हणाली, "मला दोन बाटल्या कशाला? मला डोकं एकच आहे."

८ सप्टेंबर

बाटल्या वाटून झाल्या सगळ्या. प्रत्येकीला नीट समजावलं – डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. कोणती चांगली ते मी सांगितलं नाही. फक्त टाळूचा प्रकार आणि त्याला काय लागतं, एवढंच सांगितलं. ते सांगणं तर कर्तव्यच आहे.

१५ सप्टेंबर

पहिला आठवडा. आश्चर्य वाटेल इतका स्पष्ट निकाल!

मावशी (टाळू कोरडी) – "डावा गुणाचा आहे हो. केस कसे रेशमासारखे झाले." नर्स (तेलकट) – "उजवीकडे टोपीखाली खाज येत नाही." वहिनी – "उजवीकडे जास्त हलकं वाटतं. असंच ना?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, तुला काय वाटतं ते सांग. "मग तसंच," म्हणाली.

सगळ्याजणी खुर्ची पुढे करतात, पंखा लावतात. मावशींनी तर गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. "थांबा जरा, आमची मुलगी ऑफिसच्या कामाला आलीय."

आत्या – काही फरक नाही.

"नीट बघ की."

"बघितलं. दोन्हीकडे माझेच केस आहेत."

२२ सप्टेंबर

अकराजणींना फरक आहे, तोही अगदी प्रकाराप्रमाणे. आत्या – नाही.

मला वाटलं, ती बाटल्या धड वापरतच नसणार. घाईघाईत दोन्ही एकदम ओतत असणार. म्हणून आज मीच तिचं डोकं धुतलं. स्टुलावर बसवलं, मध्ये कंगव्याने रेघ पाडली. आधी डावीकडे लावलं, ते धुतलं, हात पुसले, मग उजवीकडे. तिची मान केवढी बारीक झालीय! लहानपणी हीच मला दोन गुडघ्यांत धरून न्हाऊ घालायची आणि मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे.

वाळल्यावर दोन्हीकडे हात लावून पाहिला. डावीकडे मऊ. शंकाच नाही.

"आता सांग."

"फरक नाही."

"आत्या, माझ्या हाताला लागतोय!"

"मग तुझ्या हाताचं लिही. माझ्या डोक्याचं कशाला विचारतेस?"

वहिनी मध्ये पडली. "आत्या, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे. म्हणा ना थोडासा फरक. तुमचं काय जातंय?"

आत्या टॉवेल झटकत म्हणाली, "नोकरीचा प्रश्न आहे म्हणूनच नाही म्हणतेय. उगाच हो म्हणायचं असतं तर त्या बायकांसारखा मी पण तुला पंखा लावला असता."

मी ताडकन म्हटलं, "तुला ना, कुणाचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही!" असं म्हणायला नको होतं. ती ओल्या टॉवेलची घडी घालून आत गेली. ओल्या टॉवेलची कुणी घडी घालतं का?

२४ सप्टेंबर

मॅडमचा फोन. बारा नंबरच्या बाईचं प्रत्येक रकान्यात "फरक नाही" आलंय, ते बरोबर आहे का, विचारत होत्या. बघून सांगते म्हटलं.

आता काय बघायचं? पुन्हा जाऊन तेच विचारायचं?

२५ सप्टेंबर

खोटं भरणार नाही. आत्याच्या नावापुढे "मऊ" लिहिणं मला दोन सेकंदांचं काम आहे, पण ते करणार नाही. एवढं नक्की.

२६ सप्टेंबर

सूचना पुन्हा वाचल्या. नात्यातल्या नकोत हे स्पष्ट लिहिलंय. मुळात आत्याला घेणं हीच माझी चूक होती. फोनमध्ये बारा नंबर रद्द केला. कारण – नातेवाईक. सगळं नियमाप्रमाणे.

वहिनीचं राहू दिलं. ती तशी रक्ताच्या नात्यातली नाही.

२९ सप्टेंबर

शेवटचा आठवडा भरला. अकराच्या अकरा. मावशींनी विचारलं, "झालं ना गं मनासारखं?" म्हटलं, माझ्या मनाचा काय संबंध मावशी, तुमच्या केसांचा आहे. "तेच ते," म्हणाल्या.

घरी आले तर आत्या दारातल्या उजेडात बसून केस वाळवत होती. मध्ये सरळ भांग. दोन्ही बाटल्या शेजारी, तळाला गेलेल्या. नियमाने धुतेय अजून! तिला सांगितलंच नव्हतं.

"आज विचारणार नाहीस?"

"झालं आत्या. काम संपलं."

"बरं," म्हणाली. बाटल्यांची झाकणं लावत म्हणाली, "मी रोज बघत होते हो. तू म्हणतेस तर असेल म्हणून."

१ ऑक्टोबर

अहवाल दिला. टाळूप्रमाणे शाम्पू निवडला तर फरक पडतो, हे अकरा डोक्यांवर दाखवून दिलं! मॅडमनी वाचून बाजूला ठेवला. परवा बोलू म्हणाल्या. बाबा दोनदा विचारून गेले, चेहरा कसा होता त्यांचा? म्हटलं, मॅडमसारखा.

३ ऑक्टोबर

दोन्ही बाटल्यांत एकच शाम्पू होता. लेबलं तेवढी वेगळी. नव्या मुलीला पहिली फेरी अशीच देतात. बायका केसांचं सांगतात की तिच्या तोंडाकडे बघून सांगतात, ते कळावं म्हणून.

सगळं माहीत असून मॅडमनी विचारलं, "फरक नाही म्हणणारी एकही भेटली नाही तुला?"

"एक भेटली. मीच काढली."

त्यांनी अहवाल माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "कायमचं नंतर. आधी फेरी पुन्हा कर."

आल्यापासून केसांतून हात फिरवतेय. डावी बाजू अजूनही मऊच लागतेय!